स्लॅब टेबलाचा धंदा: लाकूड स्वस्त आहे, वाळवण महाग आहे



व्हिडिओत फळी सपाट करताना उडणारा भुसा सगळ्यांना बघायला आवडतो. हिशेब मात्र व्हिडिओत मावत नाही, म्हणून तो इथे लिहून देतोय. विषय आहे सॉ मिलमधून आलेल्या जाड, खडबडीत फळीपासून (हिलाच आता सगळे 'स्लॅब' म्हणतात) घरच्या शेडमध्ये टेबल बनवून विकण्याचा.

हा धंदा लांबून कसा दिसतो बघा. एखाद्या कॅफेत सहा फुटी टेबल असतं, एका बाजूला झाडाची कड तशीच ठेवलेली. किंमत विचारली तर पंचवीस, तीस, कधी चाळीस हजार. तुम्ही वखारीत जाता, तसलीच फळी तीन हजारात मिळते. डोकं लगेच वजाबाकी करतं. पाय लावायचे, पॉलिश मारायचं, बाकी सगळं आपलं!

ते आपलं नसतं. मधल्या पैशांतला मोठा वाटा वेळेचा आहे. फळी वाळायला लागणारा वेळ आणि तुमच्या हातांचा वेळ. हे दोन्ही हिशेबात न धरता सुरू केलेली शेड पहिल्या पाच-सहा टेबलांतच अडचणीत येते. टेबलं विकली जातात, गल्ल्यात पैसे राहत नाहीत. आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो, "अहो, मधोमध चीर पडली."

उदाहरणासाठी आपण कसबा बावडा धरू. राजर्षी शाहू महाराजांचं हे जन्मगाव, राजाराम साखर कारखान्याचं गाव. आता कोल्हापूर महापालिकेत आहे, पण ऊस अजून शेजारीच आहे. घरामागे गोठा, त्यावर पत्रा, गोठ्यात आता म्हशी कमी आणि अडगळ जास्त, अशी जागा इथे बऱ्याच जणांकडे निघेल. पंधरा बाय वीस फुटांची अशी जागा असेल तर भाडं वाचतं. शिवाजी उद्यमनगर शहरातच आहे, म्हणजे लोखंडी पाय बनवायला लांब जायला नको. आणि पंचगंगा उशाला आहे. लाकडाच्या धंद्यात या शेवटच्या गोष्टीचे फायदे कमी आणि भानगडी जास्त आहेत. त्यावर पुढे येतोच.

फळी घेताना

शिसवीची स्वप्नं पहिल्या वर्षी बघू नका. सागवान उत्तम, पण रुंद फळीचा दर ऐकूनच घाम फुटतो. नवख्याने आंबा घ्यावा असं माझं मत आहे. रेषा सुंदर असतात, रंधा सहज चालतो, रुंद फळ्या मिळतात आणि दर परवडतो. आंब्याचा दोष एकच, पण मोठा: त्याला कीड फार लवकर लागते आणि ओलं ठेवलं तर बुरशीने काळंनिळं पडतं. बाभूळ टणक आणि जड, बैलगाडीची चाकं आणि औतं त्याची व्हायची ती उगाच नाही. टेबल देखणं होतं, पण हत्यारांची धार खाते. जांभूळही चांगलं, फक्त वाळताना पीळ पडतो, तिथे संयम लागतो.

लाकूड घनफुटावर मिळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मोजायचं कसं, ते वखारीत गेल्यावर आठवत नाही. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही इंचात घ्या, गुणाकार करा, १७२८ ने भागा. ७८ इंच लांब, सरासरी ३२ इंच रुंद, अडीच इंच जाड फळी म्हणजे ३.६ घनफूट. तयार टेबलाची जाडी पावणेदोन इंच हवी असेल तर कापून घेताना अडीच इंचच घ्या. वरचा पाऊण इंच वाळताना आलेला बाक काढण्यात जातो. ओंडक्याच्या अगदी मधली, गाभ्याच्या टिंबातून गेलेली फळी दिसायला भारी असते, पण ती हमखास मधोमध फाटते. ती घ्यायचीच असेल तर दोन अरुंद भाग करायचे ठरवूनच घ्या.

बांधावरच्या झाडात खिळे, तारा, कधी कुणी ठोकलेली पाटीसुद्धा असते. पन्नास वर्षांत झाडाने ती पोटात घेतलेली असते. लाकडावर निळाकाळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असं समजा.

कागदाकडे दुर्लक्ष नको. शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या नागरी वृक्ष जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडं आहेत. स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी आधी विचारा. वखारीतून घेतलेल्या प्रत्येक फळीचं बिल फाइलला लावा. आणि शेडमध्ये ओंडके कापायचं मशीन बसवायचा विचार मनात आला तर तिथेच थांबा. सॉ मिलला वन विभागाचा परवाना लागतो आणि तो सहज मिळणारा नाही. कापणी त्यांना करू द्या, तुम्ही टेबल करा.

वाळवण: इथेच धंदा टिकतो किंवा बुडतो

ताज्या कापलेल्या फळीत कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्मं, कधी त्याहूनही जास्त पाणी असतं. हे पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी निघून जातं तेव्हा फळीला काही होत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून फळी आकसते, पिळते, फाटते. गंमत म्हणजे ती रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच.

बरं, एकदा वाळली की विषय संपला असंही नाही. लाकूड आयुष्यभर हवेबरोबर पाणी देतं-घेतं. हवेत आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडाचा ओलावा हळूहळू १७-१८ टक्क्यांकडे जातो, ४० टक्के असेल तर सात-आठकडे. आता बावड्यातला जुलै आठवा आणि मार्च आठवा. घरात हा फरक थोडा कमी होतो, पण ओलाव्यात सहा टक्क्यांचा बदल झाला तरी तीन फूट रुंद टेबल आठ-दहा मिलिमीटर कमीजास्त होऊ शकतं. तुमच्या करंगळीच्या जाडीएवढं! हा आकडा लक्षात ठेवा, पाय लावताना परत लागणार आहे.

म्हणून विकायच्या टेबलाची फळी दहा ते बारा टक्क्यांवर आणायची. उघड्या हवेत वाळवणीचा जुना अंदाज आहे, एक इंच जाडीला एक वर्ष. अडीच इंचाची फळी म्हणजे दोन वर्षं, अधिक थोडं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही, उलट लाकूड पाणी पितं. तेव्हा वर्षांपेक्षा 'किती उन्हाळे खाल्ले' असं मोजा. दिवाळीच्या सुमारास कापलेल्या फळीने दोन उन्हाळे खाल्ले पाहिजेत.

थप्पी लावणं हे खरं कौशल्य आहे आणि त्याला कुणी लाइक देत नाही. जमिनीपासून दीड फूट उंच, सपाट बैठक करा. फळीवर फळी ठेवताना मध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या लाकडी पट्ट्या, दर दीड फुटावर एक. सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत आल्या पाहिजेत, नाहीतर वरच्या फळीचं वजन खालच्या फळीला वाकवतं. फळीची दोन्ही टोकं कापल्या दिवशीच जाड ऑइल पेंटने किंवा मेणाने बंद करा. टोकांतून पाणी सगळ्यात वेगात निघतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. वरून वजन ठेवा. सावली हवी, वारा आरपार हवा, थेट ऊन नको. उन्हात ठेवून लवकर वाळेल असं वाटतं. लवकर वाळत नाही, लवकर फाटतं. प्रत्येक फळीवर कापल्याची तारीख लिहा.

आंब्याला थप्पीत जाण्याआधी बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं पाणी द्यायचं. एक भाग बोरिक, दीड भाग बोरॅक्स, दोन्ही मिळून पाण्याच्या पाच-सहा टक्के. फळी ओली असतानाच द्या, म्हणजे ते आत शिरतं. फळीखाली पिठासारखा भुगा दिसायला लागल्यावर वरवर ब्रश मारून उपयोग नसतो.

ओलावा मोजायला मीटर घ्या. तोपर्यंत साधी युक्ती: फळीच्या मधल्या भागातला तुकडा वजन करा, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, परत वजन करा. आधी ४६० ग्रॅम, नंतर ४०० ग्रॅम भरला तर ६० भागिले ४००, म्हणजे १५ टक्के ओलावा. अजून तयार नाही.

आता पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमची गल्ली नदीच्या बाजूला असेल तर दोन वर्षं वाळवलेला माल एका रात्रीत ओला होऊ शकतो. मालाचा विमा काढताना पुराचं नाव कागदावर आहे का, ते स्वतः वाचा. थप्पी गोठ्यात न ठेवता उंचावरच्या नातेवाइकाच्या पत्र्याखाली ठेवता आली तर त्यापेक्षा चांगलं काही नाही.

आणि या दोन वर्षांत खायचं काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी या धंद्यात पडू नये. वीस फळ्या तीन हजारांप्रमाणे घेतल्या तर साठ हजार दोन उन्हाळे अडकले. माझं उत्तर: पहिलं वर्ष जुन्या सागवानावर काढा. पेठांमधले जुने वाडे, जुनी घरं उतरवली जातात, त्यातल्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. ते लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं. रुंद स्लॅब मिळणार नाही, पण फळ्या जोडून केलेलं टेबल चांगल्या भावात जातं आणि 'वाड्याचं सागवान' हे सांगायला गोष्टही मिळते. जुने खिळे मात्र लोहचुंबक फिरवून एकेक काढा. मागे थप्पी वाळतेय, पुढे जुन्या सागावर घर चालतंय, अशी जोडी जमली तर कर्ज न काढता दुसऱ्या वर्षात पोचता.

घडवणं

बत्तीस इंच रुंद फळी कुठल्याच घरगुती रंधा मशीनमधून जात नाही. त्यावर उपाय म्हणजे राऊटर स्लेड. फळीच्या दोन्ही बाजूंना समांतर रूळ, त्यावर सरकणारी चौकट, चौकटीत राऊटर. आडवं-उभं फिरवत फळी पापुद्र्या-पापुद्र्याने सपाट होते. विकत घेऊ नका. उद्यमनगरातून बॉक्स पाइप आणा आणि बनवा. परदेशी कॅमेऱ्यावाचून अडून न राहता बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा घडवला आणि त्यावर सिनेमे काढले. आपल्याला तर फक्त दोन रूळ आणि एक चौकट करायची आहे.

एका फेरीत दोन-तीन मिलिमीटरच काढा. दोन्ही बाजूंनी सारखं काढा. एकाच बाजूने खूप काढलं तर फळी परत वाकते. सपाट केल्यावर चार-पाच दिवस उभी ठेवून बघा, मगच शेवटची फेरी. राऊटरचा आवाज मोठा असतो आणि बावड्यात भिंतीला भिंत लागून घर आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच वेळ ठरवा आणि शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा. मास्क स्वस्तातला नको, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते.

फळीला चीर असेल तर ती लपवू नका. डमरूच्या आकाराची कठीण लाकडाची चावी चिरेवर आडवी बसवली की चीर पुढे सरकत नाही आणि देखणीही दिसते. हे काम जगभर ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो जॉर्ज नाकाशिमा, जपानी वंशाचा अमेरिकन. तो १९३० च्या दशकात पुदुच्चेरीला अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' इमारतीच्या कामावर होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली तो हत्यारं चालवायला शिकला. १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने फर्निचर केलं. झाडाची कड, भेग, गाठ तशीच ठेवायची ही पद्धत त्याने रुजवली. इतर कारखाने जी फळी नाकारतील ती तो मुद्दाम निवडायचा.

एपॉक्सीची निळी नदी? मला विचाराल तर पहिल्या वर्षी नाद करू नका. दहा सेंटिमीटर रुंद, १८० लांब आणि साडेचार खोल पोकळी म्हणजे आठ लिटरहून जास्त रेझिन. दर विचारा आणि गुणा, लाकडापेक्षा नदी महाग पडते. फळी जराशी ओली असेल तर वर्षभरात रेझिनची कड सुटते, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे टेबल नव्याने करणं.

पाय लोखंडी ठेवा. उद्यमनगरात चौकट वेल्डिंग करून, पावडर कोटिंग करून मिळते. एकच गोष्ट सांभाळा. मघाशी आठ-दहा मिलिमीटर म्हटलं ते इथे. पायाच्या पट्टीतली भोकं गोल ठेवली आणि स्क्रू करकचून आवळले तर फळीला हलायला जागा राहत नाही आणि ती फाटते. भोकं लांबट करून घ्या, फळीच्या रुंदीच्या दिशेने, खाली वॉशर. वेल्डरला हे कागदावर काढून द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर तो गोलच पाडणार.

पॉलिश वर आणि खाली दोन्हीकडे सारखं, नाहीतर एका बाजूने पाणी जास्त शिरतं आणि टेबल बशीसारखं होतं. भर पावसात लॅकरचं पॉलिश मारलं तर ते पांढुरकं पडतं, म्हणून जुलै-ऑगस्टच्या ऑर्डरला आधीच तारीख पुढची द्या.

हिशेब

खालचे दर उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या वखारीचे, तुमच्या वेल्डरचे दर टाकून परत करा.

लाकूड ३.६ घनफूट, ८०० रुपयांनी: २,८८०
कापणी आणि आणणावळ: ७००
औषध, जागा, अडकलेल्या पैशाचं व्याज: ६००

झाले ४,१८०. पण पाच फळ्यांतली एक वाया जाते असं धरा, तिचा खर्च उरलेल्या चौघींनी उचलायचा. म्हणून सव्वापट, ५,२२५.

पाय कोटिंगसह: ३,५००
पॉलिश, पॉलिश पेपर, बिट, गोंद: २,०००
वीज: २००
मजुरी २४ तास, १२५ रुपयांनी: ३,०००
हत्यारांची झीज (साठ हजारांची हत्यारं, साठ टेबलं): १,०००
पोचवणं: ८००

एकूण १५,७२५. तक्रार-दुरुस्तीसाठी पाचेक टक्के धरले की साडेसोळा हजार.

आता नवखा माणूस काय मोजतो? लाकूड, पाय, पॉलिश. बेरीज ८,३८०. तो पंधरा हजारांना विकतो आणि साडेसहा हजार सुटले म्हणून घरी पेढे नेतो. खरं तर त्याचे दीड हजार गेलेले असतात. स्वतःची तीन दिवसांची मजुरी त्याने फुकट दिली आणि वाया गेलेली फळी आठवणीतून काढून टाकली. हेच टेबल चोवीस हजारांना गेलं तर साडेसात हजार राहतात, आणि त्यातून पुढची थप्पी लागते.

चोवीस हजार देणारा भेटतो कुठे? गल्लीत नाही भेटत. पन्हाळा, गगनबावडा आणि खाली कोकणातले होमस्टे, शहरातले नवे कॅफे, इंटिरियर करणारे आर्किटेक्ट. आर्किटेक्टचं कमिशन किमतीत आधीच धरा. अर्धी रक्कम ऑर्डरला, उरलेली टेबल शेडमधून निघण्याआधी. पाहुणा असला तरी.

उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. मालाची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर टेबल पाठवायच्या आधी सीएला विचारा. बेळगाव कितीही आपलं वाटलं तरी हिशेबात ते परराज्य आहे. हाताने सुतारकाम करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्यात प्रशिक्षण, १५,००० रुपयांची हत्यारं आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. हे कर्ज हत्यारांत घाला, ओल्या लाकडात नको. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि फळीला दोन उन्हाळे लागतात.

टेबल पोचवताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी लिहून द्या: थेट उन्हाच्या खिडकीत आणि एसीच्या झोताखाली ठेवू नका, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर आम्ही एक फुकट चक्कर मारू. ती चक्कर खरंच मारा, नोव्हेंबरात. स्क्रू सैल झालेत का बघा, टेबलाची रुंदी टेपने मोजा आणि पोचवताना मोजली होती तिच्याशेजारी वहीत लिहा. दहा टेबलांची अशी वही झाली की आंबा तुमच्या शेडमधून निघून पन्हाळ्यावर किती हलतो आणि मालवणात किती, हे तुम्हाला मिलिमीटरमध्ये माहीत असेल. पुढच्या टेबलाची लांबट भोकं त्याच आकड्यावर पाडायची.